चार पौंड आणि एक पाटी: चार्ली रॉबर्ट्सची गोष्ट

ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये नेमकं महत्त्वाच्या जागी गेलं, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्या सगळ्यांसाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं', 'म्हणजे ना' काढून टाकलेत.

ट्रान्सफर विंडो सुरू झाली की आपल्या फोनवर काय चालतं ते सांगायला नको. अमुक इतके मिलियन, तमुक इतका पगार, पाच वर्षांचं काँट्रॅक्ट, एजंटचं कमिशन. आपण ते वाचतो, दोन मीम टाकतो आणि झोपतो. पण एक काळ असा होता की इंग्लंडमधल्या सगळ्यात भारी टीमच्या कॅप्टनला आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंडच घेता यायचे. पाचवा पौंड घेतला तर गुन्हा. क्लब सोडायचा ठरवला तरी ते त्याच्या हातात नाही. आणि 'आमची एक संघटना असू दे' असं म्हटलं म्हणून त्याला खेळण्यावरच बंदी.

त्या कॅप्टनचं नाव चार्ली रॉबर्ट्स. क्लब मँचेस्टर युनायटेड. साल १९०९.

युनायटेडचे फॅन आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. कान्टोना, कीन, रूनी सगळ्यांना तोंडपाठ. पण या माणसाचं नाव विचारलं तर बहुतेक जण गप्प. म्हणून आजचा एपिसोड त्याच्यावर.

डार्लिंग्टनचा पोरगा

चार्ली रॉबर्ट्सचा जन्म ६ एप्रिल १८८३ चा, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या डार्लिंग्टन गावातला. आधी बिशप ऑकलंड या हौशी क्लबकडून खेळला, मग १९०३ मध्ये ग्रिम्सबी टाउनकडून व्यावसायिक झाला. तिथे एक सीझन होतो न होतो तोच, एप्रिल १९०४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला उचललं. वय २१.

आता इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा. तेव्हाचं युनायटेड म्हणजे आजचं युनायटेड नव्हे. तेव्हा ते सेकंड डिव्हिजनमध्ये होते. दोनच वर्षांपूर्वी, १९०२ मध्ये, क्लब दिवाळखोरीत निघाला होता आणि जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या दारूच्या कारखानदाराने पैसे घालून तो वाचवला होता. 'न्यूटन हीथ' हे जुनं नाव जाऊन 'मँचेस्टर युनायटेड' झालं ते तेव्हाच. मॅनेजर अर्नेस्ट मँगनॉल टीम बांधत होता आणि त्या टीमच्या मधोमध त्याने रॉबर्ट्सला उभं केलं.

रॉबर्ट्सची जागा होती सेंटर हाफ. हा शब्द ऐकून लगेच व्हॅन डाइक डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हाची रचना होती २-३-५: मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. मधल्या तिघांतला मधला तो सेंटर हाफ. म्हणजे समोरच्या टीमचा हल्ला मोडायचा, बॉल घ्यायचा, पुढच्या पाच जणांना वाटायचा आणि वेळ पडली तर स्वतः वर जायचं. आजच्या भाषेत डिफेन्सिव्ह मिडफिल्डर आणि प्लेमेकर, दोन्ही कामं एकाच माणसाकडे. रॉबर्ट्स पळायलाही जबरदस्त होता, त्यामुळे ते त्याला जमायचं. त्याच्या एका बाजूला डिक डकवर्थ, दुसऱ्या बाजूला ॲलेक बेल. हे त्रिकूट म्हणजे त्या युनायटेडचा कणा.

१९०६ मध्ये टीम फर्स्ट डिव्हिजनला आली. १९०७-०८ मध्ये क्लबने पहिल्यांदा लीग जिंकली. आणि २४ एप्रिल १९०९ ला क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर ब्रिस्टल सिटीला १-० हरवून पहिला एफए कप. गोल सँडी टर्नबुलचा, कप हातात घेणारा कॅप्टन चार्ली रॉबर्ट्स.

हा माणूस साधासुधा प्लेअर नव्हता, एवढं लक्षात आलं ना? आता मैदानाबाहेर जाऊ.

दोन नियम

त्या काळचा फुटबॉलपटू दोन नियमांनी बांधलेला होता. ते समजले की पुढचं सगळं समजतं.

पहिला, कमाल पगार. १९०१ पासून नियम लागू झाला की कुठल्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. मॅच जिंकली म्हणून बोनस? तोही नाही. वर्षाचे झाले जास्तीत जास्त २०८ पौंड. मजुराच्या मानाने हे पैसे चांगलेच होते, त्यात वाद नाही. नियमामागे कारणही दिलं जायचं: नाहीतर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील आणि छोटे क्लब मरतील. ऐकायला पटतं. आयपीएलमध्येही टीमच्या पर्सला मर्यादा असते. पण फरक बघा. आयपीएलची टीम त्या पर्समधून एकाला जास्त, दुसऱ्याला कमी देऊ शकते. इथे मर्यादा होती प्रत्येक माणसाच्या पगारावर. तुमच्यासाठी वीस-तीस हजार लोक तिकीट काढून येवोत, तुम्हाला चारच.

दुसरा नियम, 'रिटेन अँड ट्रान्सफर'. खेळाडूची नोंदणी क्लबच्या नावावर. काँट्रॅक्ट एका सीझनचं असायचं, पण सीझन संपला तरी क्लब ती नोंदणी स्वतःकडे ठेवू शकायचा. आणि क्लबने सोडल्याशिवाय लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळता यायचं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे असं समजतं: काँट्रॅक्ट संपलंय, पण कंपनी रिलीव्हिंग लेटर देत नाही. आणि त्या लेटरशिवाय देशातली दुसरी कुठलीही आयटी कंपनी तुम्हाला घेऊच शकत नाही, तसा सगळ्या कंपन्यांचा आपसांत करार आहे. नव्वद दिवसांच्या नोटिस पिरियडला आपण किती शिव्या घालतो! इथे नोटिस पिरियडला शेवटच नाही.

आता दोन्ही नियम एकत्र करा. फेब्रुवारी १९०५ मध्ये आल्फ कॉमन हा फॉरवर्ड संडरलंडहून मिडल्सब्रोला गेला, १००० पौंडांना. चार आकडी रकमेचा तो पहिला ट्रान्सफर, पेपरांत मोठा गाजावाजा झाला. ते हजार पौंड संडरलंडला मिळाले. कॉमनचा आठवडी पगार? कायदेशीर कमाल चार पौंडच. म्हणजे त्या हिशेबाने त्याची किंमत होती त्याच्या स्वतःच्या जवळजवळ पाच वर्षांच्या पगाराएवढी. बाजार क्लबांसाठी खुला होता, खेळाडूंसाठी बंद.

साहजिकच काही क्लब टेबलाखालून पैसे द्यायचे. मँचेस्टर सिटी त्यात सापडली. १९०६ मध्ये सिटीच्या १७ खेळाडूंवर बंदी आली, ती १ जानेवारी १९०७ पर्यंत. मँगनॉलने चपळाई करून त्यांतले चार जण युनायटेडकडे आणले: बिली मेरेडिथ, सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर. म्हणजे आता युनायटेडच्या ड्रेसिंग रूममध्ये एक शांत, ठाम कॅप्टन होता, आणि सोबत हा कारभार आतून बघितलेली, पोळलेली चार माणसं.

ब्लॅकस्टॉक

मग एप्रिल १९०७. युनायटेडच्या रिझर्व्ह टीमची सेंट हेलेन्सबरोबर मॅच होती. टॉमी ब्लॅकस्टॉक नावाच्या फुलबॅकने बॉल डोक्याने मारला, आणि थोड्याच वेळात तो मैदानावर कोसळला. ड्रेसिंग रूममध्ये नेलं, तिथेच गेला. वय पंचविशीच्या आसपास. चौकशीत नैसर्गिक मृत्यू ठरला. घरच्यांना नुकसानभरपाई मिळाली नाही.

गिरणीत, खाणीत, रेल्वेत कामावर अपघात झाला तर भरपाई मिळावी असे कायदे तोवर ब्रिटनमध्ये आलेले होते. पण फुटबॉलपटू हा 'कामगार' आहे का, हेच कुणी धड मान्य करत नव्हतं. तो खेळतो ना! मग काम कसलं?

२ डिसेंबर १९०७ ला मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलमध्ये खेळाडू जमले. बैठकीत पुढे होता मेरेडिथ आणि त्याच्या बरोबरीने रॉबर्ट्स. प्लेअर्स युनियन सुरू झाली. १८९८ मध्ये असा एक प्रयत्न होऊन बारगळला होता, पण यावेळी लोक टिकले. मागण्या काय होत्या? कमाल पगाराची अट काढा, ट्रान्सफरमध्ये खेळाडूला बोलायचा हक्क द्या, जखमी झालो किंवा मेलो तर भरपाई द्या. आज वाचताना यात क्रांतिकारक काय होतं असा प्रश्न पडतो.

१९०९ चा उन्हाळा

सुरुवातीला फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, युनियन चालवून घेतली. भांडण पेटलं दोन कारणांनी. एक, युनियन थकलेल्या पैशांची आणि भरपाईची प्रकरणं कोर्टात नेऊ लागली. एफएचं म्हणणं, फुटबॉलचा वाद फुटबॉलमध्येच मिटवायचा, आमच्या परवानगीशिवाय कोर्टात जायचं नाही. दुसरं कारण जास्त मोठं. युनियन 'जनरल फेडरेशन ऑफ ट्रेड युनियन्स' या कामगार संघटनांच्या महासंघात जायला निघाली. एफए आणि क्लबांचे मालक यांना धडकीच भरली. उद्या खाणकामगारांच्या संपाला पाठिंबा म्हणून फुटबॉलपटूंनी शनिवारची मॅच बंद पाडली तर?

एफएने मान्यता काढून घेतली आणि फर्मान काढलं: १ जुलै १९०९ पर्यंत युनियन सोडा, नाहीतर तुमची नोंदणी रद्द.

देशभरात खेळाडूंनी धडाधड राजीनामे दिले. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण उन्हाळा होता, सीझन बंद होता, घरी बायकापोरं होती, आणि नोंदणी गेली तर दुसरं काम शोधायला लागणार होतं. एकेक क्लब गळत गेला. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मात्र हलले नाहीत.

एफए कप जिंकून जेमतेम दोन महिने झाले होते. तीच टीम आता निलंबित. पगार बंद. सगळ्यात जास्त पणाला लागलं होतं ते कॅप्टनचं. त्या काळी क्लबची काही वर्षं सेवा केली की खेळाडूला 'बेनिफिट' मिळायचा, म्हणजे त्याच्यासाठी मॅच भरवून जमलेले पैसे त्याला. रॉबर्ट्सला असा बेनिफिट मिळणार होता आणि त्यात ५०० पौंडांची हमी होती. हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. पाचशे पौंड म्हणजे कमाल पगाराच्या हिशेबाने जवळजवळ अडीच वर्षांची कमाई. युनियनच्या कागदावरून नाव काढलं असतं तर ते पैसे पक्के. त्याने नाव काढलं नाही.

क्लबच्या मैदानावर सराव करता येईना, म्हणून या मंडळींनी फॅलोफील्डच्या मैदानावर सराव सुरू केला. बाहेरच्या क्लबांतून उघडपणे सोबत आला तो एव्हर्टनचा टिम कोलमन. तिथे एक फोटोग्राफर आला. रॉबर्ट्सने एका पाटीवर लिहून घेतलं, 'आउटकास्ट्स एफसी, १९०९', म्हणजे वाळीत टाकलेल्यांचा फुटबॉल क्लब. पाटी पुढे ठेवून सगळे टीम फोटोसारखे बसले. तो फोटो आजही शोधलात तर सापडतो. सोशल मीडियाच्या शंभर वर्षं आधी या माणसाला कळलं होतं की लोकांपर्यंत पोचायचं असेल तर एक चांगला फोटो पुरतो.

आणि तो पोचला. इतर क्लबांतले खेळाडू परत युनियनकडे वळायला लागले. क्लब हौशी खेळाडू गोळा करून सीझन चालवायची तयारी करत होते, पण हौशी टीम बघायला तिकीट कोण काढणार? सीझन सुरू होणार होता १ सप्टेंबरला. ३१ ऑगस्टला, अगदी आदल्या दिवशी, एफएने माघार घेतली. निलंबन रद्द, बुडालेला पगार परत, बोनसला परवानगी, युनियनला मान्यता.

मग जिंकलं कोण?

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. हिरो जिंकला, टाळ्या. पण खरा हिशेब तेवढा गोड नाही.

मान्यतेला अट होती: महासंघाशी संबंध ठेवायचा नाही. युनियनच्या सदस्यांनी नंतर मतदान करून ती अट मान्य केली. रॉबर्ट्स आणि मेरेडिथ याने फार खट्टू झाले. ज्यांच्यासाठी पगार पणाला लावला, त्यांनीच हातातलं हत्यार खाली ठेवलं, अशी त्यांची भावना होती. कमाल पगार तसाच राहिला, फक्त १९१० पासून जुन्या खेळाडूंना पाच पौंडांपर्यंत जाता येऊ लागलं. रिटेन अँड ट्रान्सफर तर जागचं हललंही नाही. १९१२ मध्ये युनियनने हर्बर्ट किंगबी या खेळाडूच्या वतीने ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याच नियमावर कोर्टात केस लढवली. ती हरली, आणि खर्चाने युनियनचं कंबरडं मोडलं.

आणि रॉबर्ट्सचं स्वतःचं काय? इंग्लंडकडून तो एकूण तीन मॅच खेळला, तिन्ही १९०५ मध्ये: आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडविरुद्ध. इंग्लंडकडून खेळणारा युनायटेडचा तो पहिला खेळाडू. पण पुढे दोन लीग आणि एक एफए कप जिंकताना, खेळ ऐन भरात असताना, त्याला एकदाही बोलावलं नाही. इंग्लंडची टीम निवडायची कोण? एफएच. 'युनियनमुळे त्याची कॅप गेली' असं सरसकट सांगितलं जातं. तारखा बघा: युनियन आली १९०७ च्या शेवटी, आणि त्याआधीची दोन वर्षंही तो टीममध्ये नव्हता. तेव्हा सगळा दोष युनियनच्या माथी मारता येत नाही. पण १९०८ नंतर देशातल्या सर्वोत्तम टीमच्या कॅप्टनला डावललं गेलं, आणि डावलणारे तेच लोक होते ज्यांच्याशी तो भांडला. निष्कर्ष तुम्ही काढा.

पुढचं आयुष्य

१९१०-११ मध्ये युनायटेडने रॉबर्ट्सच्या कॅप्टनशिपमध्ये दुसरी लीग जिंकली. ऑगस्ट १९१३ मध्ये क्लबने त्याला ओल्डहॅम ॲथलेटिकला विकलं, १५०० पौंडांना. आठवड्याला पाच पौंड धरले तरी तीनशे आठवड्यांचा पगार. पैसे क्लबच्या खिशात. ज्या व्यवस्थेविरुद्ध तो लढला, तिनेच त्याचाही भाव केला.

ओल्डहॅममध्येही तो कॅप्टन. १९१४-१५ मध्ये हा छोटा क्लब लीगमध्ये दुसरा आला, चॅम्पियन एव्हर्टनपेक्षा फक्त एक पॉइंट मागे. मग महायुद्धाने फुटबॉल थांबवलं. फॅलोफील्डवरचा त्याचा साथीदार सँडी टर्नबुल १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. रॉबर्ट्सने खेळणं सोडलं, तरी युनियनचं चेअरमनपद १९२१ पर्यंत सांभाळलं. थोडे दिवस ओल्डहॅमचा मॅनेजरही झाला, पण बाहेर बसून मॅच बघणं त्याला सोसेना. मँचेस्टरमध्ये तंबाखूचा धंदा केला. त्याच्या एका ब्रँडचं नाव होतं 'डुक्रोबेल': डकवर्थ, रॉबर्ट्स, बेल. जुन्या हाफबॅक त्रिकुटाला सिगारेटच्या पाकिटावर जागा! ७ ऑगस्ट १९३९ ला तो गेला.

एक गंमत राहिली. तेव्हा इटलीचा एक तरुण इंग्लंडमध्ये राहत होता आणि युनायटेडच्या मॅच बघायला यायचा. त्याला रॉबर्ट्सच्या खेळाने वेड लावलं, आणि ओळख करून घेऊन तो त्याच्याशी फुटबॉलवर गप्पा मारायचा. नाव व्हिट्टोरिओ पोत्झो. पुढे याच पोत्झोने कोच म्हणून इटलीला १९३४ आणि १९३८ असे सलग दोन वर्ल्ड कप जिंकून दिले. आपल्याला हवा तसा सेंटर हाफ म्हणजे काय, हे तो रॉबर्ट्सकडे बघून शिकला होता. इंग्लंडने ज्याला तीन मॅचवर थांबवलं, त्याचा खेळ असा वर्ल्ड कपपर्यंत पोचला.

आणि युनियन? ती मेली नाही. तिनेच जानेवारी १९६१ मध्ये, जिमी हिलच्या नेतृत्वाखाली, संपाची धमकी देऊन कमाल पगाराची अट उडवली. तोवर ती मर्यादा २० पौंडांवर पोचली होती. लगेच फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले. १९६३ मध्ये युनियनच्याच पाठिंब्याने जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला, आणि काँट्रॅक्ट संपलेल्या खेळाडूला डांबून ठेवणं म्हणजे रोजगारावरचं अवाजवी बंधन आहे, असा निकाल लागला. हे तत्त्व आपल्याकडेही आहे बरं का. १८७२ च्या इंडियन काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७ तेच सांगतं. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, अशी अट आपल्या कोर्टात सहसा टिकत नाही ती त्यामुळेच. ऑफर लेटरवर सही करण्याआधी एकदा वाचून ठेवा.

आज त्या युनियनचं नाव आहे प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन, पीएफए. सालाह, हालंड यांना 'पीएफए प्लेअर ऑफ द इयर' मिळाला की आपण स्टेटसला टाकतो ना, ते बक्षीस देणारी हीच संस्था.

मला यात सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. चार्ली रॉबर्ट्सला स्वतःला यातलं फारसं काही मिळालं नाही. कमाल पगार गेला तेव्हा त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. आणि १९०९ च्या उन्हाळ्यात तर उलट त्याच्याकडेच गमावण्यासारखं सगळ्यात जास्त होतं: कॅप्टनशिप, बेनिफिट, इंग्लंडची टीम. ज्याचं बरं चाललंय तो सहसा रांगेत मागे उभा राहतो. हा पाटी घेऊन पुढे बसला.

तो फोटो नक्की शोधून बघा, आणि तुमच्या ग्रुपवरच्या युनायटेड फॅनला विचारा, ओळख पाहू हे कोण. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.